एक वीत पाणी

नळदुर्गात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्यानं फोटोचा नाद करू नये. पैशाचं सोडा, पीठच करू देत नाही. ज्वारीचं पीठ लेन्सच्या रिंगमध्ये शिरलं की फोकस फिरवताना दाताखाली खडा आल्यासारखं करकरतं. म्हणून माझा कॅमेरा गिरणीत असतो तेव्हा बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, देवाच्या फोटोमागच्या फळीवर असतो. सोलापुरातून सेकंडहँड घेतलेला आहे. सोबत आलेली लेन्स साधी १८-५५, आणि नंतर हौसेनं घेतलेली एक ५० एमएम.

त्याआधी वडिलांचा आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. वडील लग्नकार्यात मोजून चार काढायचे आणि उरलेले आठ पुढच्या लग्नासाठी ठेवायचे. डिजिटल आला तेव्हा मी एका सकाळी किल्ल्यात चारशे फोटो काढून आलो. त्यातला एकही आज माझ्याकडे नाही, आणि हळहळही वाटत नाही.

ज्या फोटोची मला खोड लागली होती तो नर-मादीचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बोरी नदीवर किल्ल्यातच एक दगडी बांध घातलेला आहे, आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ च्या सुमाराचं काम. वरचं बोरी धरण भरून सांडलं की नदी या बांधावरून दोन ठिकाणी खाली पडते. एक नर, दुसरा मादी. त्या वेळी महालाच्या खिडकीत उभं राहिलं तर डोक्यावरून नदी जात असते आणि अंगावर शिंतोडाही येत नाही. पण ही मौज दरवर्षी नसते. २०१५ च्या पावसाळ्यात मी बांधाच्या कोरड्या दगडांचेच फोटो काढले. काळ्या दगडावर पाण्याच्या जुन्या वाटा पांढऱ्या रेघांनी उमटलेल्या असतात, त्याही मला आवडतात. पण धबधब्याची वाट बघणाऱ्याला ते म्हणजे जेवणाऐवजी ताटावरची नक्षी.

एका वर्षी पाणी आलं, आणि माझ्याकडे नवा एनडी फिल्टर होता. म्हणजे लेन्सपुढे लावायची काळी काच. दहा स्टॉपची काच प्रकाश हजारपटीनं कमी करते, त्यामुळे जो फोटो १/६० सेकंदात निघाला असता त्याला सतरा सेकंद लागतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, हात खिशात. सतरा सेकंदांत पडणारं पाणी एकमेकांवर इतकं चढतं की त्याचं दूध होतं, रेशीम होतं. पडद्यावर ते दिसलं तेव्हा मला स्वतःचाच हेवा वाटला. मोठी प्रिंट काढली, फ्रेम केली आणि गिरणीत लावली.

आठवड्याभरात एक म्हातारी दळण घेऊन आली. डबा खाली ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"ही कशाची धुरळी काढलीस रं बाबा?"

"आजी, नर-मादी आहे. आपल्या किल्ल्यातला."

"मग ह्यात पाणी कुठंय?"

मी दाखवलं. हे काय, हे सगळं पाणीच आहे. ती हसली नाही, वाद घातला नाही. पीठ घेऊन जाताना तेवढं म्हणाली, "पाणी आसं गप पडतंय व्हय?"

मला राग आला. म्हातारीला लाँग एक्सपोजरमधलं काय कळतं, असं मी मनात म्हणून घेतलं. मग पट्टा थांबवून दगडाला टाकी लावत बसलो असताना हिशेब सुरू झाला. ही बाई बहात्तरच्या दुष्काळात चाळिशीच्या आसपास असणार. तिनं डोक्यावर घागर घेऊन किती मैल पाणी आणलं असेल ते तीच जाणे. पाणी म्हणजे तिला वजन आणि आवाज. माझ्या फोटोत ही दोन्ही नेमकी पुसली होती, आणि तेही पैसे मोजून काच विकत आणून.

यात आणखी एक गंमत नंतर लक्षात आली. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत वाहतं पाणी बहुधा असंच धुक्यासारखं असतं. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाचा. त्या दरबारचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ; त्यांच्या काळात काचेच्या प्लेटांवर फोटो निघत, आणि त्या प्लेटा आजच्या मानानं फारच मंद. थांबलेली माणसं, थांबलेल्या इमारती नीट यायच्या, हलणारं काही पुसट व्हायचं. त्या लोकांपुढे दुसरा मार्गच नव्हता. त्यांची अडचण आम्ही शैली म्हणून मिरवतो.

पुढच्या पावसाळ्यात मी उलट्या टोकाला गेलो. १/२००० लावलं. पाणी काचेच्या चुऱ्यासारखं आलं, थेंब न् थेंब वेगळा, हवेत टांगलेला. तेही गप्पच! मग भाच्याला विचारलं, तो इंजिनिअरिंगला आहे. पाणी पंधरा मीटर पडलं असं धरलं तर खाली येताना त्याचा वेग सेकंदाला सतरा मीटर. म्हणजे १/१००० ला फोटोत ते एका बोटाच्या रुंदीइतकंच सरकतं. १/८० ला सरकतं एकवीस सेंटिमीटर. मी हात पसरून बघितलं. बरोब्बर एक वीत.

तेव्हापासून माझं माप ठरलं. वीतभर ओढलेलं पाणी दोरासारखं दिसतं, पीळ असलेलं, खाली आपटायला निघालेलं. बांधाच्या कडेला जिथं ते नुकतंच सुटलेलं असतं तिथं अजून वेग नसतो, म्हणून तिथं गोठल्यासारखं दिसतं, आणि खाली येता येता लांबत जातं. एकाच फोटोत पडणं दिसतं. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. पुस्तकं म्हणतात, ट्रायपॉड घ्या आणि वाट बघा. १/८० ला ट्रायपॉडही लागत नाही, कोपर कठड्याला टेकवलं तरी भागतं.

यावरून मी धूसरपणाच्या विरोधात आहे असं कुणी समजेल, तर तसंही नाही. तुळजापुरात महाद्वाराबाहेर संबळ वाजवणारे असतात. तिथं मी मुद्दाम १/१५ लावतो. माणसाचं तोंड, कपाळावरचा मळवट, गळ्यातली कवड्यांची माळ जागच्या जागी राहते, आणि हातातल्या काड्यांचा नुसता फराटा उरतो. काड्या स्पष्ट आल्या की तो माणूस संबळ धरून फोटोला उभा राहिल्यासारखा दिसतो. फराटा आला की तो वाजवतो. मी माझ्यापुरती परीक्षा एवढीच ठेवली आहे की फोटोतून आवाज येतो का. हे शास्त्र नाही. एका मित्राला माझं हे बोलणं शुद्ध भंपकपणा वाटतं, आणि त्याचे पक्ष्यांचे फोटो माझ्यापेक्षा शंभरपट चांगले असतात.

आवाज नको अशीही जागा असते. धाराशिवच्या लेण्यांत मी एकदा तीन-तीन एक्सपोजर एकत्र करून अंधार उजळवला. कोपऱ्यातलं छिन्नीचं काम दिसलं, खांब दिसले, सगळं दिसलं. मग ते लेणं मंगल कार्यालयासारखं वाटायला लागलं. पुसून टाकलं. आता आत जातो, डोळे सरावेपर्यंत थांबतो, आणि डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढंच घेतो. रंगांचंही तेच. आमच्याकडचं मे महिन्यातलं आभाळ निळं नसतं, मळक्या धोतरासारखं असतं. ते कॉम्प्युटरवर निळं केलं की खालची जमीन खोटी दिसते.

माणसांचे फोटो मात्र मी गिरणीतच काढतो. पत्र्यात एक पारदर्शक शीट बसवली आहे, तिच्यावर वर्षानुवर्षं पीठ बसलंय. भर दुपारचं ऊन त्यातून गाळून येतं. स्टुडिओवाले मऊ प्रकाशासाठी लाइटपुढे पांढरं कापड लावतात, माझं काम ज्वारी करते. दळणाला आलेल्या बाया आधी पदर सारखा करतात, ताठ उभ्या राहतात. मी एक फोटो तसा काढतो, त्यांच्यासाठी. मग पीठ डब्यात पडायला लागलं की त्यांचं लक्ष तिकडे जातं, बोटांच्या चिमटीत पीठ चोळून बारीक आलंय का बघतात. तो दुसरा फोटो माझा. घरी नेऊन लावायला मात्र त्या नेहमी पहिलाच मागतात.

२०२५ च्या सप्टेंबरात परंडा, भूम भागात पुराचं पाणी गावांत शिरलं. आम्ही काही जण पीठ, मीठ, चटणी घेऊन गेलो. कॅमेरा नेला होता, डब्यासकट. पाण्याचा एकही फोटो काढला नाही. कितीचं शटर लावू, हा प्रश्न तिथं मनात आला आणि त्याचीच लाज वाटली. परत निघताना एका घरात ओसरीच्या भिंतीवर चिखलाची रेघ दिसली, खुंटीला टांगलेल्या पिशवीच्या वर गेलेली. घरच्या माणसाला विचारून तेवढी एक घेतली. ती प्रिंट मी काढलेली नाही.

गिरणीत आता वीतभरवाला फोटो लावलाय. जुना रेशमी पोटमाळ्यावर आहे, फेकवला नाही. अडचण एवढीच की आठ दिवसांत काचेवर पिठाचा थर बसतो आणि धबधब्याचं परत धुकं होतं. सोमवारी गिरणी सुरू करण्याआधी मी ओल्या फडक्यानं काच पुसतो. आधी नर, मग मादी.