गाव आणि राव

गूगल कोड बंद झालं तर झालं, एवढं काय त्यात, असं मनाला बजावून पाहिलं. पटत नाही. रोह्याच्या गाडीची वाट बघत पेणच्या स्टँडवर बसलो की हेच डोक्यात घोळतं: गाव करी ते राव न करी, ही म्हण खरी तरी आहे का?

गूगल कोडचंच घ्या. २००६ साली गूगलने जगभरच्या प्रोग्रामर मंडळींना फुकट जागा दिली. तुमचा कोड इथे ठेवा, एकमेकांच्या चुका काढा. बघता बघता वस्ती झाली. एखादा रात्री तक्रार टाकायचा की तारीख उलटी दिसते. सकाळी उठून बघावं तर भलत्याच देशातल्या कुणीतरी दोन ओळींची दुरुस्ती चिकटवलेली. पगार कुणालाच नाही. मार्च २०१५ मध्ये गूगलने कळवलं, आवरतं घेतोय. बरेच जण गिटहबकडे गेले, मागे उरलंय ते गैरवापर निस्तरण्याचं काम. जानेवारी २०१६ मध्ये दार लागलं. मायक्रोसॉफ्टच्या कोडप्लेक्सची २०१७ मध्ये तीच गत झाली, आणि पुढच्याच वर्षी त्याच मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलर मोजून गिटहब घेतलं. स्वतःचं गाव उठवायचं आणि माणसं जिथे जाऊन वसली तेच विकत घ्यायचं! गूगलने जुना कोड जपून ठेवला, हे कबूल. वाचता येतो. उत्तर देता येत नाही.

म्हणजे केलं गावाने, पण जमीन रावाची. मग जमीनही गावाचीच असती तर?

इथे पेणच आडवं येतं. पेण अर्बन बँक सहकारी होती, सभासदांची, म्हणजे गावाचीच की. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि जवळपास दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. बनावट कर्जखाती, शेकडो कोटींचा घोळ. बुडवलं कुणी, गावाने की गावातल्या चार जणांनी? आणि चाप लावायला आला तो राव.

तो राव तरी परका कुठे? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, रोहेकरांचा अभिमानाचा माणूस. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून बाहेर पडले. रावाने रावपण टाकून गावाची बाजू घेतली, तर ते कुणाच्या खात्यावर मांडायचं? म्हणीत अशा माणसाला जागाच नाही. बहुधा ती करणाऱ्याला यमक जुळवायची घाई होती.

पेणजवळच्या हमरापूर, जोहे या गावांचा विचार केला की आणखी गोंधळ होतो. गणपतीच्या मूर्ती घडवण्याची कला पेण शहरातून तिथे गेली ती कुणाच्या परवानगीने नव्हे. पेणात हात शिकलेला माणूस घरी परतला, त्याने शेड टाकली, शेजाऱ्याने बघून दुसरी टाकली. आता घराघरात कारखाना. एका शेडमध्ये एक कारागीर डोळ्यांची आखणी करत होता. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवलेली, श्वास रोखलेला, आणि एका ओढीत वरची पापणी. मालकाला विचारलं, तुमच्या मूर्तीची नक्कल होते त्याचं काही वाटत नाही? ‘वाटतं की. गेल्या वर्षी भांडलोही.’ मग म्हणाला, ‘यंदा त्यालाच साचा दिलाय. त्याच्याकडे माणसं जास्त, माझी ऑर्डर अडकली होती.’

कुलूप घालायला इथे कुणी मालकच नाही, असं म्हणावं तर प्रत्येक शेडला आपला मालक आहे, आणि हंगामाआधी कर्जासाठी बँकेची पायरी चढावी लागते ती लागतेच. याला गाव म्हणायचं की नुसता धंदा, हे त्या मालकालाच विचारणार होतो. पण आखणी चालू असताना शेडमध्ये फार बोललेलं चालत नाही, असं त्याने मला जरा जोरातच सांगितलं.