आडनाव आधी, मग स्वल्पविराम

एम.ए.चा लघुप्रबंध तपासायला आला की मी तो मागून उघडतो. प्रस्तावना कोणीही रंगवून लिहितं. मुलाने खरंच काय वाचलंय ते संदर्भसूचीत दिसतं.

समास, अक्षराचा आकार वगैरेंत काही अवघड नाही. संदर्भलेखनाची एमएलए पद्धत चारी बाजूंना एक इंच सोडायला सांगते. आपल्याकडे प्रबंध बांधायचा असतो म्हणून डावीकडे दीड इंच सोडतात. विद्यापीठाचं पत्रक समोर ठेवलं की हे काम तासाभरात उरकतं.

खरी गोची नावांची. एमएलए काय, एपीए काय, या पद्धती अमेरिकेतल्या. एपीएचा उगम १९२९ साली मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात आलेल्या सात पानी लेखात आहे. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव असा नियम करणाऱ्यांपुढे श्री. ना. पेंडसे नव्हते. एका सूचीत मला चक्क ‘पेंडसे, ना. गारंबीचा बापू’ अशी नोंद सापडली. सूचीत उपाध्या गाळायच्या, हे विद्यार्थिनीने पक्कं ध्यानात ठेवलं होतं, ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’बरोबर तिने ‘श्री.’लाही बाहेर काढलं. ते श्रीपादातलं श्री! (आपल्या मार्गदर्शकांच्या नावाआधीचं ‘डॉ.’ मात्र कोणाच्याच हातून सुटत नाही.)

‘विशाखा’ कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचं. माणूस एकच, पण सूचीत तो ‘क’मध्येही येतो आणि ‘श’मध्येही. मी सांगतो, आतलं शीर्षकपृष्ठ उघडा, तिथे छापलंय ते नाव घ्या आणि दुसऱ्या नावापाशी ‘पाहा’ असं लिहा. कुसुमाग्रज, ग्रेस ही सबंध नावं आहेत, त्यांत स्वल्पविराम घुसवू नका.

संतसाहित्यात पृष्ठांक फारसा कामाचा नाही. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी द्यावी. तुकोबांच्या अभंगांचे क्रमांक मात्र गाथेगणिक बदलतात. प्रबंधातला क्रमांक बघून मी गाथा उघडतो, तर तिथे भलताच अभंग! मुलाने अभंग एका प्रतीतून घेतलेला असतो, क्रमांक दुसरीतला आणि सूचीत नाव तिसरीचं. जुन्या पुस्तकांवर शके असतो. त्यात डोळे मिटून ७८ मिळवू नयेत. शकवर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे पौष-माघात निघालेलं पुस्तक बहुधा पुढच्या इसवी सनात जातं. महिना ठाऊक नसेल तर ‘शके १८०५ (इ. स. १८८३-८४)’ असं लिहावं.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो ‘तत्रैव’वर, म्हणजे ‘वरच्याच टिपेतला संदर्भ’ असं सांगणाऱ्या शब्दावर. हाताने लिहायच्या काळात ते सोयीचं होतं. आता मुलं संगणकावर परिच्छेद वरखाली हलवतात, मध्येच नवी तळटीप घालतात. तळटिपांचे क्रमांक आपोआप बदलतात, पण ‘तत्रैव’ जागचं हलत नाही. काल ते नेमाड्यांकडे बोट दाखवत होतं, आज वरच्या नव्या टिपेतल्या मर्ढेकरांकडे दाखवतं. शिकागो पद्धतीच्या पुस्तिकेनेही २०१७च्या आवृत्तीत अशा ठिकाणी आडनाव आणि आखूड शीर्षक देणंच बरं मानलंय. माझे विद्यार्थी आता तेच करतात. ज्यांना ‘तत्रैव’ हवंच असेल त्यांनी ते छपाईला देण्याच्या आदल्या रात्री घालावं आणि नंतर फाइल उघडू नये.