लाल फडक्याखालचे औषध

दारूला दारू म्हणण्याचा संकोच जगात सगळीकडे आहे. त्या बाबतीत आपण महाराष्ट्रीयही मागे नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्याकडे मद्यपानाचा जो परवाना मिळतो, तो मौजेसाठी मिळत नाही, प्रकृती राखण्यासाठी मिळतो. म्हणजे सरकारी कागदावर आपला प्रत्येक परवानाधारक हा प्रकृतीची काळजी वाहणारा सद्गृहस्थच! थायलंडचे लोक मात्र आपल्या एक पाऊल पुढे गेले. त्यांनी पेयाचे नावच बदलून टाकले. तांदळाच्या पांढऱ्या दारूत मुळ्या, साली, वेलींचे तुकडे भिजत घालायचे आणि त्याला म्हणायचे 'यादोंग'. 'या' म्हणजे औषध आणि 'दोंग' म्हणजे मुरवलेले. लोणच्याला त्यांच्याकडे हाच शब्द आहे. मुरलेले औषध! नाव ऐकूनच निम्मे दुखणे पळावे.

बँकॉकला जाणारा आपला माणूस निजलेल्या बुद्धाचे दर्शन घेतो, नदीतून होडीने हिंडतो, बाजारात घासाघीस करून सहा बनियन घेतो आणि परत येतो. यादोंग त्याच्या वाटेवर लागत नाही. त्यासाठी बंदराच्या बाजूला ख्लोंग तेईच्या मोठ्या बाजारासारख्या ठिकाणी दिवेलागणीला जावे लागते. मासळीच्या पाट्या, कोंबड्यांचे खुराडे, मिरच्यांचे ढीग ओलांडून गेलो, की एखाद्या गल्लीच्या तोंडाशी हातगाडी दिसते. तिच्यावर काचेच्या आठ-दहा बरण्या, आणि प्रत्येक बरणीच्या तोंडावर दोऱ्याने बांधलेले लाल फडके. लाल फडके हीच या धंद्याची पाटी. वेगळा फलक लागत नाही.

मला वाट दाखवायला एक थाई विद्यार्थी बरोबर होता. गाडीवरच्या बाई साठीच्या पुढच्या. सगळे त्यांना 'पा' म्हणत. थाईत 'पा' म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. गिऱ्हाइके म्हणजे नारिंगी जाकिटे घातलेले मोटारसायकलवाले, हमाल, ईशान्येकडच्या ईसान प्रांतातून पोटासाठी शहरात आलेले मजूर. बसायला जागा नाही आणि कोणी बसतही नाही. माणूस येतो, उभ्याउभ्या एक 'पेक' घेतो. 'पेक' म्हणजे छोटा पेला. आपला 'पेग' आठवावा असाच शब्द. मग कैरीची फोड तिखटमिठात बुडवून तोंडात टाकतो आणि चालू लागतो. सारा कारभार दोन मिनिटांचा.

पण पेला भरण्याआधी बाई विचारत, "कंबर दुखते, की झोप येत नाही?" वैद्यबुवांनी नाडी धरावी तसा हा प्रश्न. उत्तर मिळाले की त्याप्रमाणे बरणी ठरे. बरण्यांची नावे मात्र वैद्यबुवांना सुचली नसती. एकीचे नाव 'वाघाचे बळ'. दुसरीचे 'तबेल्यात टापा आपटणारा घोडा'. तिसरीचे 'उभा तो पडत नाही'. दिवाळी अंक घरात आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या हाती पडतो, म्हणून बाकीच्या नावांचे भाषांतर करीत नाही. गंमत अशी, की ही मुळात वनस्पतींची नावे आहेत. 'उभा तो पडत नाही' ही जमिनीला पाने चिकटवून बसणारी एक साधी रानवनस्पती. आपल्या पश्चिम घाटातही ती उगवते. पण आपण तिच्या पौरुषाचा इतका गाजावाजा केला नाही.

बाईंनी एकेक फडके उचलून दाखवले. दालचिनी, वेलची, लवंग, ज्येष्ठमध हे तर आपले घरचेच पाहुणे. लाल रंग पतंगाच्या लाकडाचा. एका बरणीत गाठीगाठींच्या वेलाचे तुकडे होते. त्याला ते 'बोराफेत' म्हणतात. आपल्या गुळवेलीची ही सख्खी चुलतबहीण, आणि कडूपणात तिच्यापेक्षा काकणभर सरस. मी दालचिनीच्या बरणीतला एक पेक घेतला. आधी मधाचा गोडवा, मग साल उगाळल्यासारखा तुरटपणा, आणि नंतर घशातून खाली सरकत जाणारा निखारा. कैरीची फोड कशासाठी असते, ते लगेच कळले.

हा निखारा म्हणजे 'लाओ खाओ'. आपल्या कानांना हे हिंदीतले जेवणाचे आमंत्रण वाटते. 'लाओ' म्हणजे दारू आणि 'खाओ' म्हणजे पांढरी. तांदळालाही 'खाओ'च म्हणतात. फरक फक्त सुराचा. सूर चढवला तर पांढरे, उतरवला तर तांदूळ. जुन्या रीतीने चिकट तांदूळ भिजवून वाफवतात, निववतात आणि त्यात 'लूक पेंग' कुस्करून मिसळतात. लूक पेंग म्हणजे तांदळाच्या पिठाच्या, आले-लसूण-मिरीसारखा मसाला घातलेल्या वाळक्या गोळ्या. त्यांत बुरशी आणि किण्व वस्तीला असतात. दोन-तीन दिवसांत भात गोड होतो. त्या अवस्थेत तो 'खाओ माक' म्हणून मुलेबाळेही आवडीने खातात. आणखी आंबू दिला, पाणी घातले आणि भट्टीवर चढवला, की पोरांचा खाऊ बापाचा होतो. हल्ली कारखान्यांतली पुष्कळशी पांढरी दारू उसाच्या मळीपासून निघते. बाटलीवरच्या पट्टीवर मात्र सरकारी भाषेत शब्द असतो 'सुरा'. आपल्या संस्कृतातली सुरा समुद्र ओलांडून तिकडे अबकारी खात्यात नोकरीला लागली आहे.

औषध हे नाव नुसते सोंग आहे, असे मात्र समजू नये. थाई वैद्यकात औषध ज्याच्याबरोबर द्यायचे त्या द्रवाला 'क्रसाय' म्हणतात. हे सरळसरळ आपले अनुपान. मध, लिंबाचा रस, तशीच दारू. दारूत मुळी मुरवली की तिचा अर्क उतरतो आणि टिकतो, हे आपल्या आसव-अरिष्टे करणाऱ्यांना सांगायला नको. थाई वैद्य ज्यांना आद्यगुरू मानतात ते जीवक कौमारभृत्य म्हणजे बुद्धाचेच वैद्य. बँकॉकच्या वाट फो मंदिरात तिसऱ्या राम राजाने 1830 च्या दशकात औषधांची पाठे दगडावर कोरून भिंतींत बसवली, कोणीही वाचावीत म्हणून. युनेस्कोने 2011 साली त्या शिलालेखांची जागतिक वारसा-स्मृतीत नोंद केली. बाळंतिणीला शेकशेगडीजवळ निजवून थोडे यादोंग पाजण्याची चालही जुनी. आपल्या बाळंतिणीच्या उशाशी दशमूलारिष्टाची बाटली असतेच. अंगावर पिणाऱ्या मुलाला ती दारू बाधते, असे आजचे डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबरच आहे.

एकेकाळी हे सारे गावातच चाले. तांदूळ शेतातला, भट्टी शेजारची, मुळी रानातली आणि देणारा ओळखीचा. मग सरकारला महसूल दिसला. एकोणिसाव्या शतकात दारूचा मक्ता चिनी मक्तेदारांकडे गेला. 1950 च्या मद्य कायद्याने परवान्याशिवाय गाळलेली दारू गुन्हा ठरली आणि गावच्या दारूला 'लाओ थुआन' म्हणजे रानटी दारू हे नाव चिकटले. 2003 पासून गावच्या मंडळांना गाळायची परवानगी मिळाली, पण पाच अश्वशक्तीचे यंत्र आणि सात कामगार एवढ्याच मर्यादेत. ही मर्यादा 2022 च्या नोव्हेंबरात सैल झाली. दुसऱ्याच दिवशी लहान उत्पादकांना अधिक मोकळीक देणारे विधेयक संसदेत आले आणि अवघ्या दोन मतांनी पडले.

मोठ्यांची मक्तेदारी आणि लहानांवर बंदी या दोहोंच्या फटीतून तिसराच कोणी शिरतो. तो कॅनमधून स्वस्त दारू आणतो आणि ती कोठे गाळली हे सांगत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये पूर्व बँकॉकच्या मिन बुरी, ख्लोंग साम वा या भागांतल्या गाड्यांवर यादोंग प्यालेली माणसे पटापट रुग्णालयात गेली. त्यात मिथेनॉल होते. कित्येकांचे प्राण गेले. मिथेनॉल चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. त्यात मध, साली आणि लाल रंग मिसळला, की संशयालाही जागा राहत नाही. शरीरात गेल्यावर कित्येक तासांनी त्याचे आम्ल होते आणि ते प्रथम डोळ्यांवर घाला घालते. आपल्याला हे नवे नाही. मुंबईच्या मालवणीत जून 2015 मध्ये शंभरावर माणसे अशीच गेली, आणि तीही बहुतेक हातावर पोट असलेलीच.

मी हा विषय काढला तेव्हा बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी गाडीखालून लाओ खाओची बाटली काढली आणि बुचावरचा अबकारी शिक्का माझ्या डोळ्यांसमोर धरला. आता त्या रोज गिऱ्हाइकांदेखत बाटली फोडून बरणीत ओततात. "मध्यंतरी एकजण टेम्पो घेऊन आला," त्या म्हणाल्या, "निम्म्या भावात कॅन देतो म्हणाला. मी विचारले, बाबा, तुझे घर कुठे? तो नुसता हसला. मी घेतले नाही." पेकमागे पाच बाहत वाढवावे लागले. काही जण पलीकडच्या स्वस्त गाडीकडे वळले. दिवसाला पन्नास पेले जात, तिथे आता तीस जातात. बाईंनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. हिशेब सांगावा तसे सांगितले.

चिनी वस्तीजवळ सोई नानाच्या गल्लीत हल्ली यादोंगला चांगले दिवस आले आहेत. तिथे मंद दिव्याखाली, पारंपरिक वाद्यांच्या साथीने, तबकात मांडलेले पेले येतात आणि परदेशी पाहुणे त्यांची छायाचित्रे काढतात. जुन्या विद्येला मान मिळाला याचा आनंदच आहे. पण ज्या हमालाच्या कमरेसाठी ही विद्या जन्मली, त्याला त्या गल्लीचे दार परवडत नाही. त्याच्यासाठी हातगाडीच उरते, आणि हातगाडीवर त्याला दुसरी कोणतीही हमी नाही. यादोंगमध्ये औषध किती आणि दारू किती, हा वाद वैद्यांनी खुशाल घालावा. मला वाटते, त्यात एक तिसरे द्रव्य असते आणि तेच सर्वांत आधी संपते. ते म्हणजे ओळख.

आम्ही निघत होतो तेवढ्यात नारिंगी जाकीटवाला एक प्रौढ गृहस्थ आला. कंबर धरून उभा राहिला. बाईंनी न विचारता कोपऱ्यातल्या बरणीचे फडके सोडले. त्याने वीस बाहतची नोट ठेवली आणि पेला उचलला. पेल्यात काय आहे, ते त्याने पाहिले नाही. एकदा बाईंकडे पाहिले आणि पिऊन टाकले.