चार वाजताची थाप

माळ्यावरचा जुना संगणक मी बैठकीच्या कपाटात मांडला आणि त्याला ऐटीत ‘सर्व्हर’ म्हणू लागलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “धूळ कोण पुसणार?” पण त्या डब्यात आमचे अर्धे घर आहे. लग्नामुंजींचे फोटो आहेत आणि नानांची एक कॅसेट उतरवून ठेवली आहे, नातवाला गोष्ट सांगतानाची. गोष्ट आईला पाठ आहे. तिला ऐकायचा असतो तो मधला खोकला.

एका रविवारी मला सुरक्षिततेचा झटका आला. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला बारा अक्षरांचा एक क्रमांक असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. घरातल्या सहा यंत्रांचे क्रमांक मी सर्व्हरला यादी करून दिले. यादीबाहेर कोणी आला तर दार उघडायचे नाही! नवा वॉचमन नेमल्यासारखी मला त्या रात्री गाढ झोप लागली.

पुढे आईचा फोन अडखळू लागला, म्हणून दुकानदाराने तो सगळा पुसून नव्याने लावून दिला. तेव्हापासून आई गप्प गप्प. विचारले तर म्हणे, “काही नाही रे.”

नवव्या दिवशी सहज सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडली. रोज दुपारी चारच्या सुमारास कोणी अनोळखी थाप मारीत होते. चार, चार-दोन, चार-पाच, मग शांत. असे आठ दिवस! क्रमांकाचे दुसरे अक्षर ‘ई’ होते. त्या जागी २, ६, ए किंवा ई असले, की तो क्रमांक कारखान्याचा नव्हे. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून फोन असा मुखवटा घालू लागले, परक्या ठिकाणी आपला माग लागू नये म्हणून. फोन पुसला की मुखवटाही बदलतो. मी यादीत घातला होता तो आईच्या फोनचा जुना मुखवटा.

आणि चार वाजता आमच्या घरात जागे कोण असते?

“अगं, मला सांगायचं नाहीस का?”

“मला वाटलं, तूच बंद केलंस. रोज रोज तेच लावते मी... तुम्हाला कंटाळा येत असेल.”

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. पुढे यादीच काढून टाकली. मॅक पत्त्याची नक्कल करणे फारसे अवघड नसते, हे मला आधीच वाचायला हवे होते. आता प्रत्येकाला आपापला पासवर्ड आहे. आईने तिचा स्वतः ठरवला आणि मला सांगितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला. मी वर्तमानपत्र खाली ठेवले.