खिळा

यवतमाळात खोली घेतली. मालकानं तीन हजार डिपाझिट मोजून घेतलं, कागद केला नाही. मी खिळा ठोकून बाबासाहेबांची तसबीर लावली. आठव्या दिवशी मालक दारात.

"भाऊ, खोली खाली करा. पोराचं लगन हाय."

"अन् डिपाझिट?"

"कायचं डिपाझिट? भिंत खराब केली तुम्ही."

एका खिळ्याचे तीन हजार!

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना काठ्यांच्या धाकानं सरायेतून काढलं. इथं काठी नव्हती, चुन्याचा हिशेब होता.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ मी मालकाला वाचून दाखवलं. करार लिहून नोंदवणं मालकाचं काम. नोंदवला नसेल, तर उलट सिद्ध होईतो भाडेकरूचा शब्द खरा.

आपला शब्द खरा! बाप ऐकायला हवा होता.

मालकानं नोटा उंबऱ्यावर ठेवल्या.

मी म्हटलं, "हातात द्या."