आखणी आणि प्राणप्रतिष्ठा

पेणच्या गणेशमूर्ती-व्यवसायात रूपाला जे मोल आहे आणि त्याच मूर्तीच्या पूजाविधीत त्या रूपाला जे स्थान आहे, त्या दोहोंत बरेच अंतर आहे. बाह्य रूपापेक्षा अंतरंग श्रेष्ठ मानणारा भक्तिविचार व्यवहारात कसा उतरतो किंवा कोठे अडतो, हे पाहण्यासाठी हे अंतर लक्षात घ्यावे लागते. पेण शहर, हमरापूर, जोहे या पट्ट्यातील कारखान्यांत (मूर्ती घडवण्याच्या जागेला येथे कारखानाच म्हणतात) मूर्तीची किंमत उंची, रंगकाम, दागिने आणि सर्वांत अधिक आखणी यांवर ठरते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणे. श्रावणात अशा एका कारखान्यात प्रस्तुत लेखकाने हे काम जवळून पाहिले, तेव्हा कारागीर करंगळीचा आधार मूर्तीच्या गालावर देऊन, बारीक कुंचल्याने वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढीत होता, आणि दुसरा डोळा पहिल्याशी जुळला की मूर्ती उजेडाकडे वळवून मगच पुढची हाती घेत होता. शेजारी सोंडेचे टोक उडालेली एक मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती, कारण भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही आणि म्हणून ती कोणी विकतही घेत नाही.

एवढ्या निगुतीने घडवलेले हे रूप शास्त्रदृष्ट्या मात्र अद्याप देव नसते. घरी आणल्यावर चतुर्थीला मंत्रांनी मूर्तीत देवत्वाचे आवाहन केले जाते, त्यास प्राणप्रतिष्ठा म्हणतात. विसर्जनापूर्वी उत्तरपूजा करून ते देवत्व परत पाठवले जाते आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवली जाते, म्हणजे तोच मुकुट आणि तेच डोळे कायम असूनही ती पुन्हा माती ठरते. रूप नाकारलेले नाही, त्याला मुदत घालून दिलेली आहे. (मंडपांतील उंचीची चढाओढ पाहता ही मुदत मंडळांच्या ध्यानात राहते, असे म्हणणे कठीण आहे.)

विनोबा भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी याच पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला, आणि त्यांच्या आठवणींत हा विधी वेगळ्याच बाजूने येतो. त्यांचे आजोबा शंभुराव गणपतीसाठी चंदनाचे गंध घरीच उगाळून त्याची मूर्ती करीत; उगाळण्याच्या कामाला मुलेही असत, आणि इतक्या कष्टाने केलेली व पुजलेली मूर्ती अखेर पाण्यात सोडून द्यावी लागते, याचे लहानग्या विनायकाला, म्हणजे विनोबांना, वाईट वाटे. या विसर्जनातून आपल्याला अनासक्तीचा पाठ मिळाला, असे त्यांनी पुढे मानले.

तथापि मूर्तीचे तत्त्व माणसाला लावताना परंपरेची कसोटी लागते, कारण मूर्ती अव्यंग हवी हा नियम माणसाच्या देहालाही लावण्याची चूक धर्मव्यवहारात वारंवार झालेली आहे. विनोबांच्या गागोद्याच्या घरात मात्र ही चूक झाली नाही; तेथे एक अंध वृद्ध राहत असत. ते कष्टाळू आणि प्रेमळ होते, आणि मुले त्यांना घरचेच काका समजत. कुटुंब बडोद्यास गेल्यावर त्यांच्या मृत्यूचे पत्र आले, तेव्हा आई रुक्मिणीबाईंनी सुतकाचे स्नान केले नाही, म्हणून मुलाने कारण विचारले आणि ते नातेवाईक नव्हतेच, निराधार म्हणून घरात राहिले होते, हे त्याला प्रथमच कळले. त्याच आईने धडधाकट दिसणाऱ्या भिकाऱ्याला भिक्षा घातली, तेव्हा अशाने आळस वाढेल, असे विनायकाने बजावले. त्यावर, पात्र कोण नि अपात्र कोण हे पारखणारे आपण कोण, दारी आलेल्यास परमेश्वर मानून यथाशक्ती द्यावे, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. मुलाचा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. परंतु तो केवळ दिसणाऱ्या देहावर उभा होता, आणि आईने नेमका तोच आधार अमान्य केला.

कुंडलिका नदीच्या काठी रोह्यात 19 ऑक्टोबर 1920 रोजी जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले यांनी हाच विचार घराबाहेर, संघटित रूपात नेला. प्रत्येकात ईश्वर वसतो, म्हणून प्रत्येकास गौरव आहे, हे त्यांच्या स्वाध्याय कार्याचे मूळ सूत्र. ‘योगेश्वर कृषी’ या प्रयोगात गावकरी सामायिक शेतात पाळीपाळीने भक्ती म्हणून श्रम करतात आणि ‘मत्स्यगंधा’ या प्रयोगात कोळी बांधव नाव चालवतात. उत्पन्न देवाचे मानून त्यातून गरजूंना साहाय्य होते, आणि कामावर येणाऱ्यास, तो कोणत्याही जातीचा असो, ‘पुजारी’ म्हणतात. ज्या समाजात पुजारी हा जन्माने आणि सोवळ्याने ओळखला जाई, तेथे चिखलात पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाला ते नाव देणे ही लहान गोष्ट नव्हती. 1996 मध्ये आठवल्यांना रॅमन मॅगसेसे आणि 1997 मध्ये टेम्पलटन पुरस्कार मिळाला. मात्र कोणत्याही मोठ्या भक्तिसंघटनेप्रमाणे येथेही ठराविक अभिवादन, ठराविक बोलणे आणि नियमित हजेरी यांची एक बाह्य ओळख तयार होते, आणि नवागताला प्रथम तीच दिसते.