अम्मीचा छिल्ला

आमच्याकडे बाळंतिणीचं कसं करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. ईटमध्ये शेजारचे 'सव्वा महिना' म्हणतात, आम्ही 'छिल्ला' म्हणतो. त्या चाळीस दिवसांत तिने जड उचलायचं नाही, धुण्याला हात लावायचा नाही, पाहुण्यांनी फार वेळ बसायचं नाही. घरातली सात वर्षांची पोरसुद्धा हे नियम जाणते. पण बायपास होऊन बाई घरी आली तर तिचं काय करायचं, याची रीत आमच्याकडे अजून पडलेली नाही.

अम्मीची बायपास पुण्यात झाली. वय पासष्ट, अंगात पंधरा वर्षांची साखर. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून निघाला. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली हीच योजना. तिच्यामुळे आमच्यासारख्यांच्या घरातलं सोनं घरातच राहिलं, हे आधी सांगतो. योजनेत घरी सोडल्यानंतरचे दहा दिवसही धरलेले असतात. आता हिशोब पाहा. ऑपरेशनसाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि काम झाल्यावर स्टीलच्या तारांनी बांधतात. ते हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं मजबूत व्हायला तीन महिने. दहा दिवसांनंतरचे दिवस घराचे. म्हणजे घरातल्या बायकांचे.

आणि इथे तर घरातली बाईच आजारी होती. आजवर सगळ्यांची आजारपणं अम्मीने काढली. अब्बांचा टायफॉइड, माझी कावीळ, दोन्ही सुनांची बाळंतपणं. तिचं आजारपण कुणी काढायचं हा प्रश्न आमच्या घरात कधी उभाच राहिला नव्हता.

दवाखान्यातून निघताना हातात सूचनांचा कागद मिळाला, इंग्रजीत. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, इंग्रजी कागद वाचता येतो. पण वाचून झाल्यावर कळलं की तो आमच्या घरासाठी लिहिलेलाच नाही. मोटार कधी चालवावी हे त्यात होतं. अम्मीने आयुष्यात सायकलही चालवलेली नाही. दोन-तीन किलोंपेक्षा जड उचलू नये, हातांनी ढकलणं-ओढणं टाळावं, असंही होतं. भाकरीचं काय? पीठ मळताना तळहाताचा सगळा जोर छातीवर येतो. भाकरी थापताना तेच. हापसा तर निव्वळ ढकलणं-ओढणंच. भरलेली कळशी दहा किलोंच्या पुढे जाते. यातलं एकही अक्षर त्या कागदात नव्हतं.

पण तिथली एक सिस्टर होती, केरळकडची. तिचं हिंदी मोडकं आणि अम्मीची दखनी तिला परकी, तरी दोघींचं जमलं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, हे तिने स्वतः उशी कवटाळून दाखवलं. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हातावर जोर न देता कसं उठायचं, हे तीनदा करून घेतलं. तीन चेंडूंच्या प्लास्टिकच्या यंत्रातून श्वास ओढायला लावला. दुखतंय म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. बायकांसाठी आणखी एक गोष्ट असते. छातीच्या भाराने जखमेवर ओढ बसते, म्हणून आधार देणारं, नीट मापाचं आतलं वस्त्र घालावं लागतं. हे सांगायला तिने मला बाहेर काढलं आणि माझ्या भावजयीला आत बोलावलं. ती वीस मिनिटं मला त्या कागदापेक्षा मोलाची वाटतात. गाडीत घरी येतानाही अम्मीने उशी सोडली नाही. खड्डा दिसला की पोटाशी धरायची.

घरी आल्यावर मी कागदाचं भाषांतर करायला बसलो, शब्दाला शब्द ठेवून नव्हे. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला उर्दू. पीठ मळायचं नाही, भाकरी थापायची नाही. हापसा नाही, पिळा नाही, नातवाला कडेवर घेणं नाही. नमाज खुर्चीवर, कारण सज्द्यातून उठताना दोन्ही हातांवर भार पडतो. शौचाला जोर करायचा नाही. रोज चालायचं, आधी ओसरीत, मग गल्लीच्या टोकापर्यंत. बसताना शीर काढलेला पाय वर ठेवायचा. आणि लाल शाईने: ताप, जखमेतून पाणी किंवा पू, छातीच्या हाडात कट्कट् आवाज, एका दिवसात किलोभर वजन वाढणं, धाप. यातलं काहीही दिसलं की लगेच फोन.

तरी अम्मी ऐकेना. "इत्ते दिन बैठके क्या करूं मैं?" शेवटी भावजय म्हणाली, "अम्मी, समझो तुम्हारा छिल्ला है." त्या एका शब्दाने काम केलं. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, छिल्ल्याच्या वर दोनच. घरातल्या प्रत्येकाला आपापलं काम आपोआप समजलं. एवढाच फरक की बाळंतिणीला तूप आणि डिंकाचे लाडू, इथे मीठसुद्धा मोजून. आणि आमचा भूम तालुका खव्याचा! भेटायला येणारा पेढ्यांशिवाय येत नाही. पेढे मुलांनी खाल्ले, अम्मीने फक्त मोजले.

भेटायला येणाऱ्यांचं मात्र अवघड होतं. आजाऱ्याला भेटणं आमच्यात सवाबचं काम, त्याला 'अयादत' म्हणतात. मूळ अरबी धातूचा अर्थ परत येणं. लोक खरंच परत परत आले. खुर्च्या ओसरीत मांडल्या, सर्दी-खोकला असलेल्याला दारातूनच सलाम. दोघे-तिघे रुसले. रुसू देत.

उर्दूत शुश्रूषेला 'तीमारदारी' म्हणतात. फारसीत 'तीमार' म्हणजे काळजी आणि दुःखही. मराठीतला 'शुश्रूषा' संस्कृतातला, मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. वर्गात हे मी कितीदा तरी सांगितलं असेल. अम्मीच्या बाबतीत ऐकून भागणार नव्हतं, कारण ती सांगतच नाही. काहीही विचारा, उत्तर "कुछ नई". अठराव्या दिवशी पट्टी बदलताना भावजयीला पायाची जखम लाल आणि गरम लागली. अम्मीला ते दोन दिवस आधीच कळलं होतं. पुन्हा गाडीभाडं नको म्हणून गप्प होती. भावजयीने लाल शाईकडे बोट दाखवलं, त्याच दुपारी आम्ही बार्शी गाठली. साखर असलेल्या माणसाची जखम चिघळायला वेळ लागत नाही. औषधाने आटोक्यात आलं. भावजय दहावी झालेली आहे, नर्सिंगचा एक दिवसाचाही अनुभव नाही. कागद वाचता आला, एवढंच.

बाळंतिणीच्या घरी आशाताई बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या मारते, वजन बघते, ताप बघते. छाती उघडून शिवलेल्या माणसाच्या घरी एक फेरी ठेवायला काय हरकत आहे?

पायाची शीर वापरून बायपासची पद्धत ज्याने १९६७ मध्ये अमेरिकेत रुळवली, तो रेने फावालोरो अर्जेंटिनाचा. त्याआधी बारा वर्षं तो तिथल्या एका आडगावात डॉक्टर होता. गावातले शिक्षक आणि सुइणी हाताशी धरून त्याने लोकांना आरोग्याचे धडे दिले. हे वाचलं तेव्हा शाळेतल्या फळ्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

छिल्ला उतरला आणि रमजान लागला. अम्मीने रोज्याचा हट्ट धरला. आजाऱ्याने रोजे पुढे ढकलावेत ही सूट कुरआनातच आहे, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण सहरीला सगळे उठतात आणि आपण गोळीसाठी नाश्ता करायचा, याची तिला लाज वाटायची. त्या दिवसांत ती कारण नसताना रडायची. ऑपरेशननंतर पुष्कळांना असं होतं, हे सिस्टरने सांगून ठेवलं होतं. तेही मी नंतर कागदावर चढवलं.

कागदाच्या आता गावात बऱ्याच झेरॉक्स झाल्या आहेत. परवा एक जण घ्यायला आला. त्याच्या भावाची बायपास झाली आहे आणि घर ऊसतोडीवर चालतं. कागद उलटापालटा करून त्याने विचारलं, "सर, यात कोयत्याचं कुठंय? कधी धरायचा?" भाकरीचं, हापशाचं, सज्द्याचं मी लिहिलं होतं. कोयत्याची ओळ रिकामी सोडली आहे. सोमवारी पुण्याला फोन लावून डॉक्टरांना विचारायचं आहे.